वंशाचा धागा धरून ठेवणारी: जपानची सम्राज्ञी जितो आणि तिचं घराणं

जपानच्या राजघराण्यात आज गादीच्या वारसांची यादी तीन नावांत संपते. सम्राट नारुहितो यांचे धाकटे भाऊ आकिशिनो, आकिशिनो यांचा २००६ साली जन्मलेला मुलगा हिसाहितो, आणि सम्राटांचे काका हिताची, ज्यांचा जन्म १९३५चा. सम्राटांना स्वतःचं एकच अपत्य आहे, २००१ साली जन्मलेली आइको. पण ती मुलगी, म्हणून यादीत नाही.

हा विषय बातम्यांत आला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. "जपानच्या गादीवर बाई कधी बसलीच नाही" हे पहिलं. ते सरळ चूक आहे. ८ स्त्रिया बसल्या, त्यांतल्या दोघी दोनदा, म्हणजे एकूण १० कारकिर्दी. "बसल्या, पण नुसती जागा राखायला" हे दुसरं. ते मात्र एका वाक्यात खोडता येत नाही, तपासावं लागतं. त्यासाठी सातव्या शतकातल्या सम्राज्ञी जितोइतकं चांगलं उदाहरण नाही. तिचा कारभार समजून घ्यायचा तर आधी तिची नाती समजून घ्यावी लागतात.

आधी शब्दांचा घोळ सोडवू

मराठीत राज्य करणाऱ्या बाईलाही सम्राज्ञी म्हणतात आणि सम्राटाच्या बायकोलाही. जपानीत तसं नाही. गादीवर बसलेली व्यक्ती, बाई असो वा पुरुष, 'तेन्नो'. तेन्नोची मुख्य पत्नी 'कोगो', आपल्याकडची पट्टराणी. जितो आधी १३ वर्षं पट्टराणी होती आणि नंतर स्वतः तेन्नो झाली. या लेखात सम्राज्ञी म्हणजे राज्य करणारी, एवढं ठरवून घेऊ.

'जितो' हे नावसुद्धा तिला हयातीत कुणी लावलं नाही. ते मरणोत्तर नाव, आठव्या शतकात दिलेलं. त्यातल्या 'जि'चा अर्थ धरून ठेवणं आणि 'तो'चा अर्थ वंशाची सलग रेषा. तिचं जन्मनाव उनो नो सारारा. सोयीसाठी तिला सुरुवातीपासून जितोच म्हणू. पुढची वयं जुन्या जपानी मोजणीची आहेत, म्हणजे मूल जन्मतं तेव्हाच एक वर्षाचं धरलेलं.

वडिलांचं घर आणि आईचं घर

जितोचा जन्म ६४५चा, आणि त्याच वर्षी तिच्या वडिलांनी जपानचं राजकारण उलथवलं. तोवर खरी सत्ता सोगा घराण्याकडे होती. ते आपल्या मुली राजघराण्यात देत आणि नातवंडांच्या नावाने कारभार हाकत. राजपुत्र नाका नो ओए आणि नाकातोमी नो कामातारी यांनी सोगांचा कर्ता पुरुष इरुका याला भर दरबारात, सम्राज्ञी कोग्योकुच्या समोर कापलं. नाका नो ओए हा जितोचा बाप, पुढचा सम्राट तेन्जी. कोग्योकु ही त्याची आई, म्हणजे जितोची आजी.

त्या दिवशी दरबारात कोरियातल्या तीन राज्यांकडून आलेला मजकूर वाचून दाखवायचा होता. वाचणारा होता इशिकावामारो. तो सोगाच, पण धाकट्या शाखेचा, आणि कटात सामील. वाचताना त्याला दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. कटकर्त्यांशी त्याला बांधून ठेवलं होतं सोयरिकीने, त्याने आपल्या मुली नाका नो ओएला दिल्या होत्या. त्यांतल्या एकीची मुलगी म्हणजे जितो.

चार वर्षांनी, ६४९ मध्ये, इशिकावामारोवर त्याच्याच सावत्र भावाने बंडाचा आळ घेतला. जावयाने तो खरा मानला आणि फौज निघाली. इशिकावामारोने स्वतः बांधायला घेतलेल्या यामादादेरा या मंदिरात बायकामुलांसह जीव दिला. त्याची मालमत्ता जप्त झाली तेव्हा उत्तमोत्तम वस्तूंवर 'युवराजांसाठी', म्हणजे त्याच जावयासाठी, अशी नोंद सापडली. तो निर्दोष होता हे तेव्हा कळलं. जितोची आई त्या दुःखाने झुरून गेली, असं जुनं इतिवृत्त सांगतं. जितो पाच वर्षांची होती.

यामादादेरातल्या बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना ६८५ साली झाली, जितो पट्टराणी असताना. त्या मूर्तीचं आज फक्त शिर उरलंय, नाराच्या कोफुकुजी मंदिरात. जपानमध्ये गेलात तर ते चुकवू नका.

सख्ख्या काकाशी लग्न? हे कसं चालत होतं?

६५७ साली, १३व्या वर्षी, जितोचं लग्न वडिलांच्या सख्ख्या धाकट्या भावाशी झालं. तो ओआमा, पुढचा सम्राट तेन्मु. तिची थोरली बहीण ओता हीसुद्धा त्यालाच दिलेली. पुढे आणखी दोघी गेल्या, म्हणजे तेन्जीने आपल्या चार मुली एकाच भावाला दिल्या.

त्यामुळे जितोचे वडील तिचे थोरले दीर झाले आणि आजी तिची सासू.

आपल्याला हे खटकतं, कारण आपले नियम वेगळे. पण नियम तिथेही होते. महाराष्ट्रात अनेक समाजांत मामाची मुलगी चालते, काकाची चालत नाही, आणि ज्यांच्यात दोन्ही निषिद्ध त्यांना पहिलंही विचित्र वाटतं. जुन्या जपानी राजघराण्यात रेघ आईवर ओढलेली होती. एका आईची भावंडं लग्न करू शकत नसत. बाप एक पण आया वेगळ्या असतील तर चालत असे, कारण मुलं आपापल्या आईच्या घरी वाढत आणि दोन आयांची घरं दोन कुटुंबं मानली जात. पहिली नोंदलेली सम्राज्ञी सुइको हिचं लग्न असंच सावत्र भावाशी झालं होतं.

यामागे हिशेबही होता. राजकन्या बाहेर दिली तर जावयाच्या घराला गादीजवळ पाऊल ठेवायला जागा मिळते, आणि सोगांनी नेमकं तेच करून दाखवलं होतं. मुलगी घरातच दिली की ती वाट बंद. शिवाय तेन्जीला भावाची धास्ती होती. चार मुली देणं म्हणजे त्याला चार दोरांनी बांधणं.

दोर तुटला

६६१ साली जितोची आजी, जी आता साइमेइ नावाने दुसऱ्यांदा गादीवर होती, कोरियातल्या पेक्चे राज्याच्या मदतीसाठी सगळं कुटुंब घेऊन क्युशू बेटाकडे निघाली आणि तिथेच वारली. ६६३ मध्ये चीनचं तांग साम्राज्य आणि कोरियातलंच शिल्ला राज्य यांनी जपानी आरमाराचा धुव्वा उडवला. याच धामधुमीत क्युशूला दोन मुलं जन्मली. ६६२ मध्ये जितोचा एकुलता एक मुलगा कुसाकाबे आणि ६६३ मध्ये ओताचा मुलगा ओत्सु. ओता लवकर गेली. हे लक्षात ठेवा, पुढचा सगळा पेच इथे सुरू होतो. ती जगती तर थोरली म्हणून पट्टराणी तीच झाली असती आणि वारस ओत्सु.

तेन्जी आजारी पडला तेव्हा, ६७१ मध्ये, ओआमाने ओळखलं की भावाला गादी आपल्या मुलाला, ओतोमोला, द्यायची आहे. त्याने मुंडन करून भिक्षू होत असल्याचं जाहीर केलं आणि योशिनोच्या डोंगरात निघून गेला. जितो त्याच्याबरोबर गेली. तेन्जीच्या मृत्यूनंतर ६७२च्या उन्हाळ्यात ओआमा मोजक्या माणसांनिशी योशिनोतून निघाला, पूर्वेकडचे प्रांत उठवले आणि महिन्याभरात जिंकला. ओतोमोने आत्महत्या केली.

ओतोमो जितोचा सावत्र भाऊ होता, आणि ओआमाचा पुतण्या तसा जावईही, कारण ओआमाची मुलगी तोची त्याला दिलेली होती. गादी भावाकडे जावी की मुलाकडे, याचा नियम पक्का नसला की काय होतं ते जितोने २८व्या वर्षी आपल्याच घरात पाहिलं.

बहिणीचा मुलगा

ओआमा आता सम्राट तेन्मु झाला. त्याला बऱ्याच बायका आणि बरीच मुलं. ६७९ साली तो आणि जितो सहा राजपुत्रांना घेऊन योशिनोला गेले. चार त्याचे, दोन तेन्जीचे. आपसात लढणार नाही अशी शपथ सगळ्यांकडून घेतली. ६८१ मध्ये कुसाकाबे युवराज झाला.

६८६च्या नवव्या महिन्यात तेन्मु वारला. महिनाही उलटायच्या आत ओत्सुवर बंडाचा आरोप आला. दहाव्या महिन्याच्या २ तारखेला त्याला पकडलं आणि ३ तारखेला मारलं. वय २४. त्याची बायको यामाबे केस मोकळे सोडून अनवाणी धावत आली आणि त्याच्यामागे मेली.

ओत्सुबरोबर ३०हून अधिक माणसं पकडली होती. त्यांतला एक हद्दपार झाला, एका भिक्षूला दूरच्या मंदिरात पाठवलं, बाकी सगळे सुटले. खरंखुरं बंड असतं तर साथीदार असे सुटत नाहीत. म्हणून बहुतेक अभ्यासक यात जितोचा हात बघतात. माझ्या मते तेच पटण्यासारखं आहे, आणि ते सौम्य करून सांगायचं कारण नाही. आपल्या मुलाच्या वाटेतून तिने बहिणीचा मुलगा दूर केला.

पण कुसाकाबे गादीवर बसलाच नाही. तेन्मुचे अंत्यविधी दोन वर्षांहून जास्त चालले. ते आटोपून काही महिने होतात न होतात तोच, ६८९ मध्ये, २८व्या वर्षी कुसाकाबे वारला. मागे सात वर्षांचा मुलगा, कारु.

ती स्वतः का बसली?

सात वर्षांचं मूल तेव्हा सम्राट होऊ शकत नव्हतं. त्या काळी गादीवरचा माणूस कर्ता लागे, बालसम्राट ही कल्पना बऱ्याच नंतरची. आणि तेन्मुची मोठी मुलं हयात होती, त्यांतला ताकेची तर ६७२च्या युद्धाचा सेनानी. गादी त्यांच्यापैकी कुणाकडे गेली असती तर ती त्याच्याच शाखेत राहिली असती.

६९०च्या पहिल्या महिन्याच्या १ तारखेला जितो स्वतः बसली. दरबारी रांगेत उभे राहिले, तिला आरसा आणि तलवार अर्पण केली गेली. ताकेचीला तिने महामंत्री केलं, म्हणजे मान दिला आणि गादीपासून एक पायरी खाली ठेवलं.

६९६ मध्ये ताकेची वारला आणि वारसाचा प्रश्न पुन्हा उघड झाला. खलबतात एकमत होईना. तेव्हा कादोनो नावाचा राजपुत्र उभा राहिला आणि म्हणाला की आपल्या देशात मुला-नातवांकडेच वारसा जातो, भावाभावांत गेला तर रक्तपात होतो. हा कादोनो म्हणजे ६७२च्या युद्धात मेलेल्या ओतोमोचा मुलगा. त्याच्यासमोर यावर वाद घालायला कुणाचं तोंड उघडणार? तेन्मुचा एक मुलगा बोलायला गेला, त्याला कादोनोने दटावून बसवलं.

६९७ मध्ये १५ वर्षांचा कारु सम्राट मोम्मु झाला. आणि जितोने एक नवी गोष्ट केली. ती निवृत्त होऊन वनात गेली नाही. 'दाइजो तेन्नो', म्हणजे निवृत्त सम्राट, असं पद घेऊन ती नातवाच्या शेजारी कारभारात राहिली. हे पद घेणारी ती पहिली. पुढे शतकानुशतकं जपानचे सम्राट हाच मार्ग वापरत राहिले. २०१९ साली आकिहितो पायउतार झाले तेव्हा निवृत्त सम्राट हा शब्द पुन्हा ऐकू आला, त्याची सुरुवात इथली.

नुसती जागा राखणारी एवढं करते का?

पाहू. ६८९ मध्ये, ती गादीवर बसण्याआधीच, २२ भागांची कायदेसंहिता तिने लागू केली. ६९० मध्ये देशभर घरटी शिरगणती झाली, कोणत्या घरात कोण, किती, कोणत्या वयाचं. दर सहा वर्षांनी अशी नोंद करायची पद्धत इथून रुळली. ही नोंद कशाला? कर, सैन्यभरती आणि जमीनवाटप या तिन्हींसाठी. ६९२ मध्ये राजधानीभोवतीच्या प्रांतांत जमीनवाटपाचे अधिकारी गेले. पुढे ७०१च्या संहितेत जे प्रमाण पक्कं झालं ते असं: पुरुषाला २ 'तान' भातशेती, स्त्रीला त्याच्या दोन तृतीयांश. आपल्या मापात पुरुषाला साधारण २३ गुंठे, बाईला १५-१६. माणूस मेला की जमीन सरकारजमा. नोंद चुकली की वाटप चुकतं, म्हणून सगळा डोलारा त्या वहीवर.

६९४ मध्ये ती फुजिवारा या नव्या राजधानीत गेली. तोवर प्रत्येक नवा राजा नवा वाडा बांधायचा. हे पहिलं आखीव नगर, काटकोनात रस्ते, मधोमध जवळपास १ किलोमीटर लांबी-रुंदीचा राजवाडा, आणि वाड्याच्या मुख्य इमारतींवर पहिल्यांदाच कौलं. लाकूड दूर ओमी प्रांतातल्या डोंगरांतून नदीत सोडून आणलं. एक चूक मात्र राहिली. जमिनीचा उतार आग्नेयेकडून वायव्येकडे, आणि वाडा मध्यभागी. म्हणजे दक्षिणेकडच्या वस्तीचं सांडपाणी वाड्याच्या दिशेने. ७०६ मध्ये नगरात दुर्गंधी पसरल्याची सरकारी नोंद आहे. ७१० मध्ये राजधानी नाराला हलली, तिथे वाडा उत्तर टोकाला, उंचावर बांधला.

इसे इथलं सूर्यदेवतेचं देऊळ दर २० वर्षांनी जुन्याशेजारी नवं बांधतात. परंपरेनुसार पहिलं नूतनीकरण ६९० सालचं, जितोच्या कारकिर्दीतलं. ६२वं २०१३ मध्ये झालं, ६३वं २०३३ मध्ये व्हायचं आहे. ६९२ मध्ये ती इसेला निघाली तेव्हा एका दरबाऱ्याने, शेतीच्या हंगामात लोकांना वेठीला धरू नका, म्हणून आपली दरबारी टोपी काढून ठेवत विरोध केला. त्याचं म्हणणं रास्त होतं. ती तरी गेली.

एवढं करणारीला मी जागा राखणारी म्हणणार नाही. हेतू नातवासाठी गादी सांभाळण्याचा होता, यात शंका नाही. पण मधल्या काळात तिने जी घडी बसवली ती आठव्या शतकाची घडी ठरली.

यावर विश्वास कितपत ठेवायचा?

हा आक्षेप योग्य आहे. यातलं बरंचसं 'निहोन शोकी' या ७२० साली पूर्ण झालेल्या इतिवृत्तातून येतं. ते पूर्ण झालं तेव्हा गादीवर जितोची नात होती, आणि ग्रंथाचं काम तेन्मुच्या एका मुलाच्या देखरेखीखाली झालं. जिंकलेल्या शाखेने लिहिलेला इतिहास तो. म्हणून त्यातले हेतू आणि भाषणं जपून घ्यावीत. पण नगर, रस्ते आणि लाकडी पट्ट्यांवरच्या सरकारी नोंदी उत्खननात सापडल्या आहेत. त्यांची साक्ष वेगळी आहे.

मग आईकडून मुलीकडे गादी गेली तेव्हा?

मोम्मु २५व्या वर्षी, ७०७ मध्ये वारला, मागे पुन्हा लहान मूल. या वेळी त्याची आई बसली, सम्राज्ञी गेम्मेइ. ती जितोची सावत्र बहीण, मावसबहीण आणि सूनही. ७१५ मध्ये तिने गादी आपल्या मुलीला, गेन्शोला दिली. आई आणि मग मुलगी.

आजच्या वादात हे उदाहरण सतत निघतं. ते समजायला आपलं गोत्र उपयोगी पडतं. मुलगी जन्माने बापाच्या गोत्राची असते, तिची मुलं मात्र तिच्या नवऱ्याच्या गोत्राची. जपानचा परंपरावादी पक्ष म्हणतो की गादीवर बाई बसली तरी 'गोत्र' कधी बदललं नाही, गेन्शोचा बाप कुसाकाबे म्हणजे सम्राटाचाच मुलगा होता. हे खरं आहे. आठही जणी वडिलांकडून राजवंशाच्या, आणि गादीवर असताना सगळ्या एकतर विधवा किंवा अविवाहित.

पण दुसरी बाजूही खरी आहे. आठव्या शतकातल्या संहितेत, कुणाला राजपुत्राचा दर्जा द्यायचा या कलमाच्या टिपेत, 'स्त्री-सम्राटाच्या मुलांनाही हेच लागू' असं लिहिलेलं आहे. कायदा करणाऱ्यांच्या नजरेसमोर ती शक्यता होती.

बाईला पूर्ण मनाई आली ती १८८९च्या राजघराणे कायद्याने, आणि १९४७च्या नव्या कायद्यानेही ती ठेवली. संविधानात फक्त 'गादी वंशपरंपरागत' एवढंच आहे. म्हणजे बदल करायला संविधान हलवावं लागत नाही, साधा कायदा पुरतो. २००५ मध्ये सरकारी समितीने पहिलं अपत्य, मुलगा असो वा मुलगी, वारस धरावं असं सुचवलं होतं. पुढच्या वर्षी हिसाहितो जन्मला आणि ते बारगळलं. २०२१च्या समितीने दोन मार्ग सुचवले: राजकन्यांना लग्नानंतरही घराण्यात ठेवणं, आणि १९४७ मध्ये राजघराण्याबाहेर पडलेल्या ११ शाखांतले पुरुष दत्तक घेणं. त्या शाखा मूळ घरापासून सुमारे ६०० वर्षांपूर्वी फुटलेल्या. आइकोच्या वारसाहक्काला या दोन्हींत हात घातलेला नाही.

आणि तो धागा?

मोम्मुचा मुलगा शोमु ७२४ मध्ये गादीवर आला. त्याच्यानंतर त्याची मुलगी कोकेन, दोनदा. ती अविवाहित राहिली. तोवर तेन्मुच्या इतर शाखा एकामागून एक कटांच्या आरोपांत छाटल्या गेल्या होत्या. ७७० मध्ये ती वारली तेव्हा गादी ६२ वर्षांच्या कोनिनकडे गेली. त्याचा बाप शिकी हा योशिनोच्या शपथेतला, तेन्जीचा मुलगा. कोनिनची पट्टराणी शोमुची मुलगी होती, त्यामुळे त्यांच्या मुलात, ओसाबेत, आईकडून जितोचं रक्त होतं. तो युवराजही झाला. ७७२ मध्ये शापाच्या आरोपावरून त्याला दूर केलं, ७७५ मध्ये मायलेक एकाच दिवशी मेले. आजचं राजघराणं कोनिनच्या दुसऱ्या मुलापासूनचं, म्हणजे जितोच्या बापाचं.

जितो ७०२च्या शेवटच्या महिन्यात, आपल्या दिनदर्शिकेप्रमाणे जानेवारी ७०३ मध्ये वारली. पांढरे शोकवस्त्र घालू नका, खर्च जपून करा, असं तिने सांगून ठेवलं होतं. दहन झालेली ती जपानची पहिली तेन्नो. अस्थी आसुकातल्या तेन्मुच्या अष्टकोनी थडग्यात ठेवल्या. १२३५ मध्ये चोर आत शिरले आणि अस्थींचं चांदीचं पात्र घेऊन गेले, राख रस्त्यावर फेकलेली सापडली. त्या चोरीनंतर केलेल्या पाहणीचा कागद १८८० मध्ये क्योतोच्या एका मंदिरात मिळाला, आणि हे थडगं नवरा-बायकोचं आहे हे त्यावरूनच ठरलं. आत कुणाला जाता येत नाही, पण आसुकाच्या रस्त्यावरून झाडीने झाकलेला तो उंचवटा दिसतो.